युद्धात फुटलेली चित्रं आणि देवळातला ऑइल पेंट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या देवस्थान कमिट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘इटलीत बॉम्बने पडलेली चर्चमधली चित्रं पेंटरनी पुन्हा हुबेहूब रंगवली, जुनं-नवं ओळखूच येत नाही. आपणही देवळातली चित्रं सोड्याने धुऊन ऑइल पेंटने उजळू. शंभर वर्षं बघायला नको.’

मुळात दाखलाच उलटा आहे. विटेर्बो हे इटलीतलं गाव. तिथल्या सांता मारिया चर्चमधली १४६९ची चित्रं १९४४च्या बॉम्बहल्ल्यात फुटली. चेझारे ब्रांदी या कलातज्ज्ञाच्या रोममधल्या चित्र-दुरुस्ती संस्थेने जुन्या फोटोंवरून तुकडे जुळवले आणि रिकाम्या जागी जलरंगाच्या बारीक उभ्या रेघा ओढल्या. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात. ते मुद्दामच केलंय, आणि जलरंग पुसताही येतो. इटलीतल्याच पादुआ शहरात ११ मार्च १९४४ला बॉम्बहल्ल्यात मांतेन्या या जुन्या चित्रकाराच्या भित्तिचित्रांचे ऐंशी हजारांवर तुकडे झाले. २००६मध्ये ओळख पटलेले तुकडे काळ्या-पांढऱ्या फोटोवर बसवले. गेलेला भाग अजून करडाच आहे.

ऑइल पेंट टिकतो, पण दारा-खिडक्यांवर. खानापूरकडची जांभ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर टाकते. तेलाच्या थराने ती वाट बंद होते. ओल आणि लोणा (भिंतीतला क्षार) मागे साठतो, आधी फुगा येतो, मग पोपडा सुटतो. पोपडा उलटून बघा: मूळ चित्राचा रंग त्याच्या पाठीला चिकटून आलेला असतो.

सोडा तर नकोच. डिंकात किंवा सरसात कालवलेला रंग नुसत्या पाण्यानेही सुटतो. काजळी आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर ओलसर कापूस फिरवा, घासू नका. कापसावर लाल-हिरवं उतरलं की तिथेच थांबा.

खड्डे भरायला सिमेंट पुट्टी वापरू नका. ती गिलाव्यापेक्षा कडक होते आणि कडेने जुना भाग तोडते. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली बारीक वाळू तीन भाग. कडा ओल्या करा, पातळ थरांत भरा, चित्रावर चढू देऊ नका. पडलेले तुकडे झाडूने गोळा करू नयेत. कुठल्या भागाखाली काय पडलं ते लिहून, रंगाची बाजू वर ठेवून, ट्रेमध्ये सावलीत वाळवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर बुरशी धरते.

आणि पेंटरला स्क्वेअर फुटाचा दर देऊ नका. तसा दिला तर शाबूत चित्रावरूनही ब्रश फिरणारच.