भर उन्हात फ्लॅश

मे महिन्याच्या मध्याला पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. खगोलप्रेमी मंडळी त्या दिवशी गच्चीवर डबे उभे करून शून्य सावलीचा सोहळा करतात. आमचे नातेवाईक नेमकी त्याच सुमारास लग्नं काढतात, साडेबाराचा मुहूर्त धरतात आणि अक्षता पडल्या की कार्यालयाच्या लॉनवर ओळीने उभे राहून म्हणतात, "आमचा एक छान फोटो काढ रे." अशा उन्हात भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाची ओठांवर. माझ्या संग्रहातल्या झाडून साऱ्या आत्या आणि मावश्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे घेऊन प्रसन्न हसताहेत.

यावरचा उपाय पुस्तकात दोन ओळींत असतो. बाजूने आपला उजेड टाकायचा. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो, म्हणून त्याला तिथून उतरवून स्टँडवर चढवायचं, पुढे पांढरी छत्री लावायची आणि कॅमेऱ्यावर एक रेडिओ ट्रिगर, म्हणजे तारेशिवाय फ्लॅश चमकवणारी डबी, बसवायचा. झालं. पुस्तक लिहिणारा माणूस टेकडीवर राहत नसावा.

मी सरावासाठी वेताळ टेकडी निवडली. मॉडेल म्हणून बायको आणि स्टँड धरायला अकरावीतला भाचा. मानधन एक मिसळ, जास्तीचा पाव वेगळा. बायकोने मुद्दाम पैठणी नेसली होती, कारण "फुकट उभी राहणार आहे तर निदान नीट उभी राहते."

आता गणित ऐका. भर उन्हात, आयएसओ (म्हणजे सेन्सरची उजेडाची भूक) १०० ला, एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक ठेवून, शटर साधारण १/१०० सेकंद उघडं लागतं; हा जुना ठोकताळा आहे. पण एफ १६ ला बायकोमागचं झुडूप, झुडपामागचा मोबाइल टॉवर आणि टॉवरमागच्या तमाम सोसायट्यांची वाळत घातलेली धुणी स्वच्छ दिसतात. मागचं धूसर करायचं तर एफ २.८ ला, म्हणजे मोठ्या भोकावर, यायला हवं, म्हणजे शटर गेलं १/३२०० वर. आणि फ्लॅशचं म्हणणं, मी १/२०० किंवा फार तर १/२५० पर्यंत येईन, पुढे तुमचं तुम्ही बघा. कारण त्याहून जास्त वेगात शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा त्याच्या मागे निघालेला असतो. फ्लॅशचा निमिषभराचा उजेड त्या दोघांमधल्या फटीतून जेवढा शिरेल तेवढाच सेन्सरवर पोचतो. फोटोत खालच्या बाजूला एक काळपट पट्टा आला.

"काठ कुठेत?" बायकोने मागच्या स्क्रीनवर बघून विचारलं. "पैठणी नेसून टेकडी चढले ती काठ अंधारात ठेवायला?"

मग हाय-स्पीड सिंक लावून बघितलं. त्यात फ्लॅश एकदाच चमकण्याऐवजी शटर सरकेपर्यंत फडफडत राहतो. पट्टा जातो, पण बरोबर फ्लॅशची बरीचशी ताकदही जाते. मग एनडी १६ फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. हा चार स्टॉप उजेड खातो, म्हणजे चार वेळा निम्मा करतो, १/३२०० चं थेट १/२०० होतं. पण खाताना तो सूर्याचा उजेड कोणता आणि माझा पैसे मोजून आणलेला कोणता, असा भेद करत नाही. सूर्याचं काही बिघडत नाही. चार पेन्सिल सेलवर चालणारा माझा फ्लॅश मात्र पूर्ण ताकदीने एकदा चमकायचा आणि नंतर बराच वेळ चीं करत धापा टाकायचा.

राहिला एकच उपाय, फ्लॅश जवळ आणणे. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. हा नियम पदार्थविज्ञानातला असल्याने त्यावर कुणाचं काही चालत नाही.

"जवळ ये."
भाचा आला.
"अजून जवळ."
"मामा, आता मी फोटोत येतोय."
"मग थोडा लांब जा."
"मग मामी काळी येते."
"काय म्हणालास?" ही मामी.

छत्रीचं एक वेगळंच प्रकरण. पाऊस नाही, समोर बाई उभी आणि एक मुलगा तिच्या बाजूने पांढरी छत्री रोखून आहे, हे दृश्य सकाळी टेकडीवर येणाऱ्या मंडळींना गप्प चालू देत नाही. "ऊन लागतंय का हो हिला?" एका काकूंनी थांबून विचारलं आणि स्वतःच्या बाटलीतलं लिंबूसरबत देऊ केलं. बायकोने ते घेतलं. नऊ वाजता पश्चिमेकडून वारा सुटला आणि छत्रीने स्टँडसकट झेप घेतली. छत्री लावलेल्या स्टँडला खाली वजन टांगायचं असतं. बाजारात त्यासाठी वाळूच्या पिशव्या मिळतात, पण विकतची वाळू पाठीवर घेऊन टेकडी चढणं मला मंजूर नव्हतं. पुढच्या खेपेपासून आम्ही वाण्याकडची पाच किलो तांदळाची पिशवी टांगू लागलो. आईला हे कळल्यावर ती तांदूळ दोनदा धुते.

टेकडीचं नाव वेताळ आहे हे मी विसरलो होतो, भाचा विसरला नव्हता. एका सकाळी मी लेन्स पुसत होतो, ट्रिगरला बोटही लावलं नव्हतं, आणि फ्लॅश आपोआप चमकला. पुन्हा चमकला. मग लागोपाठ तीनदा. भाच्याने स्टँड सोडला, दोन पावलं मागे सरकला आणि देवळाच्या दिशेने बघत गळ्यातला ताईत चाचपला. तो त्याचा इअरफोन होता, पण भावना खरी होती.

खुलासा खाणीच्या कडेला सापडला. तिथे एक प्रीवेडिंग चालू होतं. नवरी मुलगी दहा हात लांब शेपटाच्या लाल गाऊनमध्ये, एक पोरगा ते शेपूट हवेत उडवून फ्रेमबाहेर पळतोय, आणि वर ड्रोन. त्यांचा ट्रिगर आमच्याच कंपनीचा आणि आमच्यासारखाच खोक्यातून निघाला तसा, पहिल्या चॅनलवर. त्यांनी बटण दाबलं की आमचा फ्लॅश चमके, आम्ही दाबलं की त्यांचा. तिकडचा फोटोग्राफर त्यासाठी आपल्या मदतनिसाला झापत होता. आम्ही दोघांनी भाऊबंदकीचा दावा मिटवावा तसं गांभीर्याने बसून वाटप केलं. चॅनल एक त्यांना, नऊ आम्हाला. शेपूटवाल्या पोराने भाच्याला हळूच विचारलं, "तुला किती देतात?" मिसळीचं ऐकून त्याने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, तिचा परिणाम पुढच्या आठवड्यात तर्रीबरोबर आलेल्या ताकाच्या बिलात दिसला.

संध्याकाळी दुसरी अडचण. मावळतीचा उजेड तांबूस आणि फ्लॅशचा पांढराफटक. त्यामुळे मागे सोनेरी आकाश आणि पुढे बायको निळसर, थंडी वाजत असल्यागत. यासाठी फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पातळ तुकडा, लावतात. परदेशी कंपनीच्या तळहाताएवढ्या तुकड्याची किंमत बघून मी अप्पा बळवंत चौक गाठला आणि गॅदरिंगच्या नाचात दिव्यांना लावतात तो जिलेटिन कागद घेतला. त्यात नारिंगीच्या छटा नसतात, असतो तो थेट भगवा. फोटो बघून सासूबाईंनी फोनवर विचारलं, "हळद कुणाची होती?"

आणि डोळे मिटणं. फ्लॅश ऑटोवर असला की खऱ्या उजेडाआधी अंदाज घ्यायला एक बारीकशी चमक टाकतो. चपळ डोळ्यांची माणसं त्या चमकेलाच डोळे मिटतात आणि खऱ्या उजेडाला मिटलेले सापडतात. माझी बायको अत्यंत चपळ आहे. तिला धीर द्यावा म्हणून मी सांगितलं की १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची जी पूड काढली, ती अक्षरशः पेटवायला लागायची. भडका, धूर आणि खोलीभर राख. त्या मानाने हे काहीच नाही.

"त्यांचा फोटो एका भडक्यात होत असेल," ती म्हणाली.

रोज काठी टेकत येणारे एक आजोबा हे सगळं पहिल्या दिवसापासून बघत होते. लांबून. शेवटी त्यांना राहवलं नाही. जवळ येऊन त्यांनी कानटोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि काठी भाच्याच्या दुसऱ्या हातात दिली. "माझा एक काढा. पण लख्ख उजेड आहे, तो दिवा नको."

"आजोबा, दिव्यानेच बरा येतो."

"बरं, बघा."

फ्लॅश मॅन्युअलवर घेतला, ती आधीची बारीक चमक नकोच. छत्री डावीकडे, डोळ्यांच्या जरा वर. सूर्य मागे, त्यांच्या पांढऱ्या केसांच्या कडेला. तांदूळ टांगलेले, वारा पडलेला, चॅनल नऊ. आजोबा कॅमेऱ्याकडे न बघता भाच्याने काठी कशी धरली आहे ते बघत होते, आणि मी बटण दाबलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन डोळ्यांशी नेली. बराच वेळ बघितलं. डोळे दिसत होते, दोन्ही, उघडे. सुरकुती न् सुरकुती. मागची टेकडी मऊ धूसर.

"छान आलाय हो," ते म्हणाले. "फ्लॅश मारलाय असं अजिबात वाटत नाही."

मी भाच्याकडे बघितलं. तोही बघत होता.

"मग मारलात कशाला?"