ऑक्युपेशनल थेरपी शिकणं म्हणजे वर्षं वाया घालवणं नव्हे

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत ऑक्युपेशनल थेरपीबद्दल, म्हणजे आजार, इजा किंवा अपंगत्व असलेल्या माणसाला रोजची कामं करता यावीत म्हणून होणाऱ्या उपचारांबद्दल, एक मजकूर फिरू लागतो. आशय असा: ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे दुय्यम दर्जाची फिजिओथेरपी; त्यात शास्त्र कसलं, मुलांना मणी ओवायला लावतात; आणि गोव्यात तिला विचारतो कोण? असलं काही वाचून चांगली मुलं अर्जच करत नाहीत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ते मणी. पाच वर्षांच्या मुलाला थेरपिस्ट मणी ओवायला देतो, तेव्हा तो चिमटीची पकड बघत असतो, दोन्ही हात एकमेकांना साथ देतात का, नजर हातामागे जाते का, तिसऱ्या मण्याला लक्ष उडतं का, हे टिपत असतो. मग मणी मोठा करायचा, दोरीऐवजी ताठ वायर द्यायची की ताटली डावीकडे सरकवायची, हे तो त्यावरून ठरवतो. याला अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि ते नीट जमायला शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र पक्कं लागतं. मनगटातून तळहातात जाणारी मीडियन नस दुखावली तर अंगठा बोटांसमोर नीट येत नाही आणि मणी निसटतो. पुस्तकातली नस ही अशी समोर येते. पुढच्या वर्षांत अस्थिरोग, मेंदूविकार, मनोविकार हे विषय असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या निकषांप्रमाणे विद्यार्थ्याने किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करायचं असतं. शास्त्र नाही म्हणणाऱ्याने यातलं काय वगळलं, ते सांगावं.

आता ‘दुय्यम फिजिओथेरपी’. समजा, साखळी गावातल्या एका बाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. फिजिओथेरपिस्ट त्यांचा तोल, चाल, स्नायूंची ताकद यांवर मेहनत घेतो. बाई काठी घेऊन चालू लागतात. पण त्यांना अंगात ब्लाऊज घालता येत नाही आणि विळीवर बसून नारळ खवता येत नाही. इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी, इथपासून तो शिकवतो. जमिनीवरची विळी बंद करून ओट्याच्या उंचीला घट्ट बसणारी खवणी सुचवतो, भाजी एका हाताने चिरता यावी म्हणून खिळे ठोकलेली फळी करून देतो. न्हाणीघरात दांडी कुठे बसवायची, तेही तोच बघतो. दोन्ही कामं लागून आहेत, पण एकाने दुसरं भागत नाही. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यातही हे दोन व्यवसाय वेगवेगळे नोंदलेले आहेत.

आणि हे काल आलेलं खूळही नाही. मुंबईत १९५० साली केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी याचं शिक्षण सुरू केलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन ज्यांच्या नावाने आहे, त्याच या बाई. १९५२ साली जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता.

राहिला गोव्याचा प्रश्न. इथे नोकऱ्या रांगेत उभ्या आहेत, असं मी म्हणणार नाही. पदं आणखी निघायला हवीत आणि त्यासाठी मागणी आपणच लावून धरली पाहिजे. पण गरज नाही, हे साफ खोटं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता त्यातच येतात. अशी मुलं डिचोलीत आहेत, काणकोणात आहेत. जानेवारी २०२३मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला, रॅम्पबद्दल पुष्कळ बोललं गेलं. ते हवंच होतं. पण रॅम्प चढून वर्गात आलेल्या मुलाला पेन्सिल धरता येत नसेल, तर त्याच्याशेजारी बसणारं माणूस शिकवून तयार करावं लागतं.

तेव्हा तो मजकूर पुढे ढकलण्याआधी पालकांनी एवढं करावं: महाविद्यालयात जाऊन अभ्यासक्रम मागून घ्यावा, विद्यार्थ्यांना कुठल्या वॉर्डांत पाठवतात ते विचारावं आणि थेरपी विभागात बसून एका रुग्णाचं काम, त्याची परवानगी घेऊन, पुरं बघावं.