डीजेला कान ‘सरावतात’, म्हणून धोका नाही?

लग्नसराईत एक मेसेज फिरतोय: “डीजेला कान सरावतात. दोन दिवसांत दडे सुटले की नुकसान काहीच नाही.” पहिलं वाक्य अर्धंच खरं, दुसरं चूक.

सरावतो तो मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा खालचा, मज्जारज्जूला जोडणारा भाग. कानाची नस तिथं मोठमोठ्या सिनॅप्सनी, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांनी, जोडलेली असते. सततच्या गोंगाटात हे सिनॅप्स हात आखडता घेतात, दर संदेशाला रसायन कमी सोडतात, म्हणून लवकर थकत नाहीत. उंदरांमध्ये हे दिसलंय. शांततेत परत आणल्यावर बदल उलटलाही.

पण कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि नस यांच्यातले जोड इतके चिवट नसतात. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना १०० डेसिबल आवाज फक्त दोन तास ऐकवला. काही दिवसांत ऐकू येणं पूर्ववत झालं, पण कानाच्या काही भागातले जवळपास निम्मे जोड गेले ते गेलेच. माणसातही असं होत असावं, असा संशोधकांचा कयास आहे: शांत खोलीतली तपासणी नॉर्मल, आणि लातूरच्या आडतीवर सौद्याच्या गलक्यात शेजारच्यानं सांगितलेला सोयाबीनचा भाव मात्र उमगत नाही.

वरातीत लेकराला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहू नका, ही कळकळीची विनंती. कानात शिट्टी दुसऱ्या दिवशीही वाजत राहिली, तर कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.