रात्री कॅमेरा गेला की मोठा स्विच घाला, म्हणे!

सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "रात्री कॅमेरा बंद पडतो? स्विच कमी पडतोय, जास्त वॅटचा घाला. केबलवर कॅट सिक्स छापलंय ना, मग बघू नका. अडीचशे मीटरपर्यंत बिनधास्त ओढा. पीओई सगळा सारखाच." इथे स्विच म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या नेटवर्क केबली जोडायचा डबा, पीओई म्हणजे त्याच केबलीतून वीजही पाठवायची सोय आणि कॅट सिक्स ही केबलची प्रत. मेसेजमधला पहिला दावा अर्धाच खरा आहे, बाकीचं गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री.

आधी अर्ध्या खऱ्याचं बघू. स्विच कॅमेऱ्यात वीज कोंबत नाही, कॅमेरा लागेल तेवढीच ओढतो. 802.3एएफ या पीओईच्या मानकाचं पोर्ट 15.4 वॅट देतं, त्यातले 12.95 कॅमेऱ्यापर्यंत पोचतील असं मानक धरतं. साध्या बुलेट कॅमेऱ्याला एवढं पुरतं. अडचण येते ती बजेटची, म्हणजे स्विच सगळ्या पोर्टांना मिळून देऊ शकतो त्या एकूण वॅटची. आठ पोर्ट आणि सगळ्यांत मिळून 60 वॅट असा स्विच असेल, अंधार पडला की आठही कॅमेऱ्यांचे आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे एकदम लागतात आणि प्रत्येकी नऊ वॅट धरले तरी 72 होतात. मग एखादं पोर्ट कापलं जाणारच. संध्याकाळी दोन कॅमेरे काढून ठेवा. तरीही तोच कॅमेरा पडत असेल, तर नव्या स्विचचे पैसे वाचले समजा.

रात्र होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड घट्ट धरा. आतून टक् असा आवाज येतो, दिवे लालसर उजळतात आणि ओढ वाढते. इथेच कॅमेरा रिस्टार्ट झाला, तर तोच खाली उतरवून दोन मीटरच्या चांगल्या पॅचकॉर्डने (तयार, आखूड केबलने) त्याच पोर्टला लावा आणि पुन्हा झाका. आता टिकला? मग कॅमेराही बरा, स्विचही बरा. दोष मधल्या वायरीत.

आणि वायर म्हटलं की "कॅट सिक्स छापलंय" ही थाप आलीच. स्वस्त बंडलात बऱ्याचदा तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडा, पांढरी निघाली की ओळखा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यात तार बारीक असली की विचारूच नका. दिवसा ओढ कमी म्हणून निभावतं, रात्री शेवटच्या टोकाला व्होल्टेज बसतं. वर मधे पिळून टेप मारलेला जोड असेल, तर स्विच बदलून काय होणार?

मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामांत आणखी एक भानगड असते. कनेक्टर पत्र्याखाली उघडाच लोंबतो, पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात. नवा कनेक्टर क्रिंप करा (दाबून बसवा), जोड बंद डबीत घ्या, केबल डबीत खालून शिरू द्या.

अडीचशे मीटरचा दावा स्विचवरच्या एक्स्टेंड बटणातून आलाय. ते दाबलं की पोर्टचा वेग 10 एमबीपीएसवर उतरतो. लांबीमुळे होणारी व्होल्टेजची घट मात्र तशीच राहते. तांब्याच्या केबलवर इथरनेटची (या नेटवर्क जोडणीची) मर्यादा 100 मीटर आहे. तासगावकडे द्राक्षबागेपलीकडच्या बेदाणा शेडला कॅमेरा हवा असेल तर फायबर टाका आणि वीज शेडमधूनच घ्या.

"सगळा सारखाच" हे तर धोक्याचं. मानकातला स्विच आधी समोरच्या यंत्रात 25 किलोओहम रोधाची खूण शोधतो, मगच वीज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर (केबलीत वीज घालणारा, मानक न पाळणारा डबा) काही न विचारता 24 किंवा 48 व्होल्ट सोडतो. 24 वाल्यावर एएफचा कॅमेरा चालू होत नाही, आणि 24 चं वायरलेस यंत्र 48 वाल्याला लावलं तर जळूही शकतं. डब्यावर 802.3 चा आकडा नसेल तर दुकानदाराला परत द्या.