दुकानाचा गल्ला वेगळा, अर्पणाची थैली वेगळी
दुकानदार डीकन (चर्चचे पैसे आणि गरजूंची मदत पाहणारा सेवक) असला की चर्चचा हिशेब आपोआप चोख राहतो, असं एका लेखात म्हटलंय. खरा घोळ तिथेच होतो. रविवारी अर्पणाची थैली त्याच्या घरी येते, सोमवारी गल्ल्यात सुटे कमी पडतात, मग ‘पाचशेची नोट ठेवून चिल्लर उचलली’. एकूण रक्कम जुळते, पण मोजणीच्या चिठ्ठीवरच्या नोटा जुळत नाहीत. (बायबलमध्ये 1 तीमथ्य 3:8 इथे डीकनबद्दल सांगताना पैशाच्या लोभाचा मुद्दा उगाच नाही.) मोजणी चर्चमध्येच, नात्यात नसलेल्या दोघांनी करावी, कुठल्या नोटा किती ते लिहून दोघांच्या सह्या, आणि पैसे जसेच्या तसे बँकेत. गरजूंना किराणा डीकनच्याच दुकानातून जात असेल, तर बिल मंजूर दुसऱ्याने करावं, आणि उधारीच्या वहीत तर ते मुळीच चढवू नये.