‘मूर्खपणाचा डोंगर’ मूळ संशोधनात नाहीच

ज्याला कमी येतं तो स्वतःला प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त समजतो, हा डनिंग-क्रुगर परिणाम. त्याच्या नावाने एक आलेख सगळीकडे फिरतो. आडव्या अक्षावर ज्ञान, उभ्या अक्षावर आत्मविश्वास. रेषा सुरुवातीलाच उंच चढते, तो ‘मूर्खपणाचा डोंगर’. मग ती ‘निराशेच्या दरी’त कोसळते आणि शेवटी तज्ज्ञतेकडे हळूहळू वर जाते. सोबतचा मजकूर ठाम असतो : हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, अडाण्याचा आत्मविश्वास तज्ज्ञापेक्षा जास्त असतो आणि अडाण्याला ते कधीच कळत नाही.

‘हा आलेख शास्त्रज्ञांचा आहे.’
नाही. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांचा मूळ निबंध १९९९चा. त्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण तपासलं, गुणांनुसार चार गट पाडले आणि प्रत्येकाला विचारलं : शंभरातल्या किती जणांच्या पुढे असाल? त्यांच्या आलेखांत प्रत्येक रेषेवर चारच बिंदू आहेत. अंदाजाच्या रेषेत ना डोंगर, ना दरी. शिवाय एकच माणूस शिकत जाताना काय होतं, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

‘अडाण्याचा आत्मविश्वास तज्ज्ञापेक्षा जास्त.’
व्याकरणाच्या चाचणीत सर्वांत खालचा गट प्रत्यक्षात १०व्या पर्सेंटाइलला होता, म्हणजे शंभरातल्या जेमतेम दहा जणांच्या पुढे. त्याला वाटलं आपण ६१व्याला आहोत. वरचा गट ८९व्याला होता. त्याचा अंदाज ७०. म्हणजे खालच्यांचा अंदाज फार चुकला, पण वरच्यांच्या पुढे गेला नाही. वरचे स्वतःला कमी लेखतात, कारण जे आपल्याला जमलं ते इतरांनाही जमलंच असेल असं ते धरून चालतात. इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर त्यांनी आपला अंदाज वाढवला. खालच्या गटाने मात्र त्याच उत्तरपत्रिका पाहूनही काही शिकल्याचं दिसलं नाही.

‘नवखाच सर्वांत फुशारकी मारतो.’
इथे अर्धं सत्य आहे. कार्मेन सांचेझ आणि डनिंग यांच्या २०१८च्या प्रयोगांत अगदी कोरी पाटी घेऊन आलेले लोक सावध होते. थोडा अनुभव गाठीशी येताच आत्मविश्वास अचूकतेच्या पुढे पळाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्यासाठी अर्धं हळकुंड तरी हातात लागतंच.

‘अंदाज आणि गुण यांतली सगळी तफावत अज्ञानाचीच.’
हा मुद्दा सर्वांत कमी तपासला जातो, आणि तपासायला स्प्रेडशीट पुरते. हजार ओळी घ्या. पहिल्या स्तंभात १ ते १०० मधले यादृच्छिक आकडे भरा, हे ‘गुण’. दुसऱ्या स्तंभात तसेच आणखी आकडे, हा ‘अंदाज’. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आकडे गोठवून (फक्त मूल्यं चिकटवून) गुणांनुसार क्रम लावा आणि २५०-२५०चे चार गट करा. गुणांची सरासरी साधारण १३, ३८, ६३, ८८ येईल. अंदाजाची चारही गटांत ५०च्या आसपास. तळाचा गट स्वतःला ३७ने जास्त समजतो, वरचा ३८ने कमी, आणि इथे माणूस एकही नाही! खऱ्या माणसांत ‘मी सरासरीपेक्षा बरा’ ही सवय मिसळते आणि अंदाजाची रेषा आणखी वर सरकते.

मग परिणाम खोटाच का? तसंही नाही. चुकते ती पद्धत : ज्या गुणांवरून गट पाडले, त्याच गुणांवरून तफावत काढणं. चाचणीतले विषम क्रमांकाचे प्रश्न गट पाडायला वापरा, सम क्रमांकाचे तफावत मोजायला. म्हणजे नशिबाने खाली घसरलेले वेगळे पडतात. त्यानंतर उरेल त्या फरकावर बोलता येतं. चाचणी किती अवघड होती तेही सांगावं लागतं, कारण बर्सन, लॅरिक आणि क्लेमन यांनी २००६मध्ये दाखवलं की अवघड कामात वरच्या गटाचेच अंदाज जास्त चुकू शकतात.

‘अडाण्याला कधीच कळत नाही.’
१९९९च्याच निबंधातला चौथा प्रयोग याच्या उलट सांगतो. तर्काचं छोटं प्रशिक्षण मिळाल्यावर खालच्या गटाने आधीच्या चाचणीतली आपली कामगिरी पुन्हा जोखली आणि आपला अंदाज खाली आणला.

स्वतःचा अंदाज तपासायचा असेल तर दुसऱ्यांशी तुलना नकोच. प्रत्येक उत्तरापुढे खात्रीची टक्केवारी लिहा. ‘९० टक्के’ लिहिलेली ४० उत्तरं झाली की मोजा : ३६च्या आसपास बरोबर हवीत. २८च निघाली, तर तुमचे ९० टक्के प्रत्यक्षात ७० आहेत.