दीडशे नंबरचं कपाट

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला एम. ए. मानसशास्त्राला नाव घालायची अवदसा आठवली आणि पहिल्याच सत्रात सरांनी झायगार्निक परिणामावर निबंध दिला. पुरं झालेल्या कामापेक्षा मध्येच सोडावं लागलेलं काम जास्त लक्षात राहतं, एवढंच ते प्रकरण. कपाट आवरायला काढून चार महिने झालेल्या बाईला हे कोणी शिकवायला हवं का? पण सर म्हणाले, "मूळ संशोधन शोधा. गुगलवरून उतरवलेलं नको."

कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. पिशवी दाराच्या आतल्या काउंटरवर ठेवून टोकन घेतलं, पुढे गेले, आणि चष्मा पिशवीत राहिल्याचं लक्षात आलं. परत काउंटरवर.

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई साहेबांच्या दशांश पद्धतीत मानसशास्त्राला १५० नंबर आहे. भुतंखेतं, ज्योतिष आणि हस्तरेषा १३३ वर. म्हणजे आमच्या ग्रंथालयात मनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू होतो तो हातावरच्या रेषा ओलांडूनच. १३३ ची पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी झालेली. १५० च्या पुस्तकांवर धूळ, एकाची तर पानंही अजून एकमेकांना चिकटलेली. ज्यांच्या नावाचा हा परिणाम, त्या झायगार्निकबाई त्यांतल्या दोनांत भेटल्या, दोन्हीकडे चार-चार ओळी.

"ताई, जर्नल हवं तर कॉम्प्युटरवर बसा," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "एन-लिस्टचा, म्हणजे ऑनलाइन जर्नलांच्या योजनेचा, पासवर्ड तुम्हाला ईमेल केलाय."

तो स्पॅममध्ये, लॉटरी लागल्याच्या दोन पत्रांमध्ये दबलेला सापडला. पासवर्डात मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, शिवाय एक चिन्ह, जे आमच्या कीबोर्डवर झिजून गेलं होतं. ते कुठल्या बटणावर आहे हे शेजारच्या मुलाने सांगितलं. "काकू, शिफ्ट दाबून ठेवा." दाबून ठेवली.

आता शोध. या यंत्राची गंमत अशी, की जे शोधायचंय त्याचं नाव आधीच ठाऊक असेल तरच ते सापडतं. झायगार्निकचं स्पेलिंग मी एसने सुरू केलं. शून्य निकाल. नाव सोडून 'इन्कम्प्लीट' लिहिलं, तर रॉटरची अपूर्ण वाक्यांची चाचणी हजर झाली. वेटरला पैसे मिळेपर्यंत ऑर्डर लक्षात राहते ही या संशोधनामागची मूळ गोष्ट आठवून 'ऑर्डर' लिहिलं, तर बर्थ ऑर्डर! थोरला, मधला, धाकटा यांच्या स्वभावांवर लेखच लेख. मी शेंडेफळ. त्यातले दोन वाचूनही काढले आणि तीन गोष्टी थोरल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. तिचं उत्तर आलं, "कामं नाहीत का?" तोवर यंत्राने मला बाहेर काढलं होतं. पुन्हा पासवर्ड, पुन्हा शिफ्ट.

शेवटी ग्रंथपाल बाईंनाच दया आली. त्यांनी स्पेलिंग झेडने केलं, वर्ष टाकलं, १९२७, कुठल्याशा ओळखीच्या ग्रंथपालांना फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी स्कॅन केलेली प्रत माझ्या ईमेलवर आली. मी हर्षभराने उघडली. पंच्याऐंशी पानं. जर्मनमध्ये.

चुकलंच माझं. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली केलेलं काम मराठीत थोडंच असणार! अभ्यासक्रमाच्या पुस्तकावरून एवढं कळलं होतं, की झायगार्निकबाईंनी माणसांना अठरा ते बावीस छोटी कामं दिली, मातीच्या मूर्ती, कोडी, गणितं, आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. थांबवलेली कामं जवळजवळ दुपटीने आठवली. मूळ लेखातलं मला एकच कळलं: तक्त्यांतले आकडे.

वैतागून कॅन्टीनमध्ये गेले. म्हटलं, प्रयोग तरी करू. बैऱ्यांना पैसे न दिलेली ऑर्डर आठवते, दिल्यावर विसरते म्हणतात ना? कटिंग आणि समोसा घेतला, पैसे दिले, पंधरा मिनिटं बाकावर बसले आणि पोऱ्याला विचारलं, "मी मघाशी काय घेतलं रे?"

"एक कटिंग, एक समोसा. सोमवारी दोन कटिंग. आणि गेल्या आठवड्यात वडा परत पाठवला होतात, गार आहे म्हणून. पैसे दिले होते."

सगळा सिद्धान्त समोशाच्या ताटलीत आडवा. आता याचा संदर्भ यादीत कसा लिहायचा, नाव आधी की वर्ष, हे विचारायला धावत ग्रंथालयात गेले, तर दाराला कुलूप. जेवणाची सुट्टी. टोकन माझ्या हातात, पिशवी आत.